सव्वादोनचा हात

“सुई लावू नको. आधी तुझ्या डॉक्टरीणबाईला बोलाव,” असं म्हणून मी हात पदराखाली घेतला.

सिस्टर ट्रे धरून उभी राहिली. तिच्या मागं माझी सून सुवर्णा, छातीशी फाईल कवटाळून, तोंड एवढंसं करून.

“आजी, चौथी आहे ही. निम्म्याच्या पुढं आलात. आज काय झालं?”

“तीन वेळा मी तुमचं ऐकलं. आज तुम्ही माझं ऐका.”

“आत्याबाई, घरी बोललो होतो ना आपण,” सुवर्णा म्हणाली.

“घरी तू बोललीस. मी भाकरी खात होते.”

समोरच्या खुर्चीतली टक्कल पडलेली बाई फिस्सकन हसली. तिच्याही हाताला नळी होती, वर बाटली टांगलेली. जिल्ह्याच्या गावच्या कॅन्सरच्या दवाखान्यातली दुसऱ्या मजल्यावरची ती लांबट खोली. सकाळी यायचं, दिवसभर औषध चढवून घ्यायचं, संध्याकाळी घरी. सहा खुर्च्या, चार कॉट. माझी कॉट तिसरी. चौथी खिडकीपाशी, तिच्यामाझ्यात हिरवा पडदा.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली, पण त्या पडद्याच्या कड्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी गजराबाई, जातीची कासारीण. शाळा तिसरीपर्यंत, तीही पावसाळे सोडून. पण आमच्या बाजारपेठेत विचारा, डोळे मिटून हात धरला तरी माप सांगणारी बाई एकच होती. बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याखालचं हाड दाबायचं, की माप बोटात यायचं. सव्वादोन का अडीच, हात नरम का कडक, बाई जेवून आली का उपाशी, सगळं. बाया तोंड विसरतात, मी हात विसरत नाही. तीस वर्षांपूर्वी चुडा भरलेली नवरी नातवंड काखेत घेऊन आली तरी मनगट धरल्याबरोबर मी म्हणायची, “तू गं ती, मांडवात रडून काजळ पसरवलं होतंस.”

आणि तीच बोटं या औषधानं खाल्ली होती.

आता हे दुखणं मला कळलं कसं, तेही सांगते, कारण त्यात माझाच मूर्खपणा आहे. पाळी जाऊन अकरा वर्षं झाली होती. एका सकाळी लुगड्याला डाग दिसला. दुसरी कुणी घाबरली असती. मला वाटलं, परत आली. देवाच्या मनात काय असेल ते असो, पण विटाळ तो विटाळ. मी देवघराचा उंबरा ओलांडायची थांबले. घरात सांगितलं, गुडघे दुखतात, खाली बसवत नाही, दिवा सुवर्णा लावेल. असे सात महिने गेले. चार दिवस थांबायचं, आठ दिवस जायचं. मी फडकी स्वतः धुवायची, माळ्यावर वाळत घालायची.

एक दिवस सुवर्णा शिडीखाली उभी राहिली. “आत्याबाई, देवापुढं बसायला गुडघे दुखतात, आणि माळ्यावर कशा चढता?”

“तुला काय करायचंय?”

“वर काय वाळत घालता ते मी बघून आलेय.”

मी तिला नाही नाही ते बोलले. तिच्या माहेरापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी ती मला एसटीत घालून घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तुकडा काढून पाठवला, आणि सांगितलं की पिशवीच्या तोंडाला कॅन्सर आहे, बाहेर गाठींपर्यंत पोचलाय. दोन औषधं एकत्र द्यायची, दर तीन आठवड्यांनी, सहा वेळा. मग मशीनचा शेक.

पहिल्या वेळेला उलट्या झाल्या. दुसऱ्याला केस गेले. तिसऱ्यानंतर बोटांच्या टोकांना जणू कुणी मेण लावून ठेवलं. चहाचा कप हातात आहे का नाही ते बघून कळायचं. आणि त्याच आठवड्यात सोनाराच्या घरची नवरी चुड्याला आली.

सुवर्णा म्हणाली, मी भरते. मी म्हटलं, मी मेले का अजून? पोरीचा हात धरला. काहीच कळेना. अंदाजानं सव्वादोनची उचलली आणि दाबली. हात होता अडीचचा. बांगडी वाढली. आमच्यात फुटली म्हणत नाहीत. काच मनगटात घुसली आणि पोरीच्या हळदीच्या हातावरून रक्त कोपरापर्यंत ओघळलं. तिची आई माझ्याकडं बघत राहिली.  बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं.

त्या दिवशी मी ठरवलं. पुरे झालं औषध.

डॉक्टरीणबाई आल्या. पोरसवदा बाई, पण खुर्ची ओढून शेजारी बसायची, उभ्यानं बोलायची नाही, म्हणून मला ती बरी वाटायची.

“गजराबाई, काय म्हणणं आहे?”

“माझी बोटं मेली. आणखी तीन वेळा घेतलं तर परत येतील?”

तिनं खोटं सांगितलं नाही. “आणखी जाऊ शकतात. नंतर थोडी येतील, कदाचित सगळी नाही येणार. डोस थोडा कमी करून बघता येईल.”

“बोटांना लागतंय ते एकच औषध ना? ते काढा. दुसरं द्या.”

“एकट्यानं जोर येत नाही. दोन्ही मिळून काम करतात. गाठी निम्म्या झाल्यात तुमच्या. आत्ता सोडलं तर परत वाढतील.” मग म्हणाली, “तुम्ही बांगडी कशी भरता? एका हातानं भरता येते?”

“एक हात दाबतो, एक चढवतो,” मी म्हटलं. “मला माझा धंदा शिकवू नका, बाई.”

“नाही शिकवत. तुमच्या शरीराचा निर्णय तुमचा आहे. आत्ता नुसतं सलाईन लावू देत, दोन तास ते चालेल. औषध त्याच्यानंतर. मी दोन वाजता येते, तेव्हा सांगा.”

“नुसतं पाणी?”

“नुसतं मिठाचं पाणी.”

डावा हात मी पुढं केला. सिस्टरनं शीर शोधून सुई लावली. नंतर पुष्कळांनी मला समजावलं की गजराबाई, औषधाची गुंगी असते, त्यात माणसाला काहीबाही दिसतं. म्हणून आत्ताच सांगून ठेवते. त्या वेळी माझ्या अंगात मिठाच्या पाण्याशिवाय काही गेलेलं नव्हतं.

सुवर्णा खाली डबा आणायला गेली. जाताना म्हणाली, “आत्याबाई, बोटांचं काम मी करीन. तुम्ही नुसत्या बसा गादीवर.”

“गादीवर नुसता देव बसतो. जा, भात मऊ असेल तर आण.”

ती गेली. मी पिशवीतून बांगड्यांच्या दोन जुड्या काढल्या. हिरव्या काचेच्याच दोन्ही, एक सव्वादोनची, एक अडीचची, सुवर्णानं दोऱ्यात ओवून गाठ मारून दिलेल्या. रोज मी त्या पदराखाली घ्यायची आणि कुठली कुठली ते ओळखायचा प्रयत्न करायची. त्या दिवशीही केला. बोटं फिरवली, फिरवली. दोन्ही सारख्याच. काच गार आहे हेसुद्धा कळेना.

तेवढ्यात वास आला. धूप जाळलेला. आणि धुपाच्या खाली दुसरा एक वास, जो झाकायला धूप जाळतात. दवाखान्यात फिनेलचा वास असतो, धुपाचा नाही. मी मान वळवली. हिरव्या पडद्याच्या कड्या सरकल्या, एक एक करून, कुणी सावकाश ओढाव्यात तशा.

खिडकीपाशी, चौथ्या कॉटवर, एक बाई कुशीवर झोपली होती. तोंड भिंतीकडं, डोक्यावरून पदर घेतलेला. एक हात मागं, माझ्या बाजूला, कॉटच्या दांडीतून बाहेर आलेला. रिकामा हात.

“कधी आलात?” मी विचारलं. आजाऱ्याशी बोलायची तिथं रीतच पडते.

“मी इथंच आहे,” ती म्हणाली. आवाज खोल, तोंडावर फडकं धरल्यासारखा.

“कितवी तुमची?”

“मला कुणी सुई लावलीच नाही.”

“मग सिस्टरला हाक मारा. इथं हाक मारल्याशिवाय कुणी बघत नाही.”

“मारली होती हाक.” तिनं दांडीतून हात आणखी पुढं केला.  “गजरे, हात रिकामे आहेत गं माझे.”

माझ्या अंगावर काटा आला, पण कशानं ते लगेच ध्यानात येईना. सिस्टर मला आजी म्हणायची, डॉक्टरीण गजराबाई. गजरे म्हणणारं सासरचं एकही माणूस आता उरलेलं नव्हतं.

“तुम्हाला माझं नाव कुणी सांगितलं?”

“भरतेस का?”

आता कुणी म्हणेल, उठून पळायचं, ओरडायचं. पण कासारणीपुढं रिकामा हात आला की तिला नाही म्हणता येत नाही. आमच्या घरात ते तोंडातून येतच नाही, चूल विझली तरी. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं, बोटं चालतात का बघू.

मी तिचा हात धरला.

आणि मला कळलं. मेणाआडून नाही, लख्ख कळलं. कातडी गार, विहिरीच्या आतल्या दगडासारखी. अंगठ्याखालचं हाड बारीक, सव्वादोनचं माप, एक केसही इकडंतिकडं नाही. मनगटाच्या बाहेरच्या अंगाला एक टेंगूळ, लहानपणी मोडून वाकडं बसलेलं हाड. तिथं बांगडी जरा तिरकी करून न्यावी लागते, डावीकडून. माझ्या बोटांना ते पाठ होतं. इतकं पाठ की मी विचार करायच्या आत पहिली बांगडी तिथून तिरकी होऊन वर गेलीसुद्धा.

मी तो हात ओळखला. तोंड बघायची गरज नव्हती आणि मी बघितलंही नाही.

डाव्या हाताला सुई होती तरी दोन्ही हात लावले. दाबायची, चढवायची. दाबायची, चढवायची. काचेचा आवाज त्या खोलीत फार मोठा वाटत होता, पण समोरची टकलीबाई डोळे मिटून पडली होती. एक हात झाला. “दुसरा,” मी म्हटलं, तर दुसरा हात तयारच होता.

“दुखतंय का?” मी विचारलं. हे मी प्रत्येकीला विचारते.

“आता नाही,” ती म्हणाली. “तुला बोलावतात, गजरे. सुई घेऊन उभ्या राहतात तुझ्यापुढं. आणि तू हात पदराखाली घेतेस?”

चुडा भरून झाला की भरून घेणारी बाई कासारणीला वाकून नमस्कार करते. ती रीत आहे. त्या दिवशी मी कॉटवरून वाकले आणि त्या दोन्ही हातांवर कपाळ टेकलं. काच कपाळाला लागली. मग पडद्याच्या कड्या वाजल्या.

“आत्याबाई! अहो, काय करताय हे!”

सुवर्णा डबा टाकून धावली. मी कॉटच्या कडेला ओणवी झाले होते, सलाईनच्या नळीत रक्त उलटं चढून हातभर वर गेलं होतं. तिनं मला मागं निजवलं, सिस्टरला हाक मारली. सिस्टरनं नळी ठीक केली, दोन शब्द सुनावले आणि गेली.

“शेजारच्या बाईला भरत होते,” मी म्हटलं.

“कुठल्या बाईला?”

“चौथ्या कॉटवरच्या.”

सुवर्णानं पडदा पुरा बाजूला केला. कॉटवर गादी नव्हती. नुसती लोखंडी पट्ट्यांची चौकट, तिचं एक चाक निखळलेलं, वर चिकटपट्टीनं कागद लावलेला. सुवर्णानं तो वाचून दाखवला. दुरुस्तीला.

“गेल्या वेळेपासून अशीच आहे ती, आत्याबाई.”

 तिनं खाली पडलेल्या जुड्या उचलून दिल्या आणि उचलता उचलता थांबली. अडीचची जुडी जशीच्या तशी होती. सव्वादोनच्या जुडीचा नुसता दोरा होता. दोरा तुटलेला नव्हता. तिनं मारलेली गाठ, तिच्या माहेरची दुहेरी गाठ, तशीच घट्ट बसलेली. आत एकही बांगडी नाही. तिनं कॉटखाली बघितलं, पिशवीत बघितलं, माझ्या अंगाखाली हात घालून चाचपलं. काचेची कपचीसुद्धा नाही.

“कुणाला भरल्या?” तिनं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

“कौसाक्काला.”

कौसाक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. सुवर्णा तिला फोटोतून ओळखायची. ती गेली तेव्हा सुवर्णा शाळेत होती, आमच्या घरात यायची होती.

आणि मग, बावीस वर्षं जे मी कुणाला सांगितलं नव्हतं, ते तिथं सुनेला सांगितलं.

कौसाक्काच्या अंगावरून दोन वर्षं जात होतं. सासूबाई गेलेल्या, घर माझ्या शब्दावर चालायचं, थोरली ती असली तरी. ती मला म्हणाली, “गजरे, मला तालुक्याला नेऊन दाखवा गं. भावजींना सांग.” म्हणजे माझ्या नवऱ्याला. मी म्हटलं, “अक्का, बायकांचं दुखणं पुरुषांच्या कानावर घालतात का? वयच आहे, थांबेल.” मग सांगितलं, दुकानातल्या बांगड्यांच्या दांड्यांना शिवू नका, बांगड्या वाढतात. मग तिचं अंथरूण मागच्या पडवीत टाकलं. वास यायला लागला तेव्हा धूप लावायला सांगितला. ती हाका मारायची. मी गिऱ्हाइकात असायची.

गेली तेव्हा थोरले भावजी, म्हणजे तिचा नवरा, हयात होते. सवाष्ण गेली म्हणजे हिरवा चुडा भरून न्यायची. गावातल्या कुठल्याही बाईला आम्हीच भरायचो. पण तिच्या अंगावरून शेवटपर्यंत जात होतं, आणि मी म्हटलं, या हातांना दुकानातली काच लागली तर धंद्याची गादी बसेल. माझ्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. कुंकू लावलं, पातळ नेसवलं. कासाराच्या घरातून सवाष्ण रिकाम्या हातांनी गेली.

सुवर्णा ऐकत होती. मला वाटलं, आता बोलेल. वीस वर्षं मी तिला जे जे बोलले ते सगळं परत करायला तिला याच्यापेक्षा चांगली वेळ मिळाली नसती. तिनं डबा उघडला आणि म्हणाली, “भात मऊ आहे. दोन घास खा. बाई येतील आता.”

दोन वाजता डॉक्टरीणबाई आल्या. “काय ठरलं?”

मी हात पदराबाहेर काढला. “दोन्ही औषधं लावा. आणि डोस कमी करायचा तर तुमच्या मनानं करा, माझ्या रडण्यानं नको.”

सहाच्या सहा झाल्या. मग शेक झाला. गाठी गेल्या. डॉक्टरीणबाई अजून मला बघितलं की नवल करतात, नव्या डॉक्टरांना बोलावून दाखवतात. मी म्हणते, तिकीट लावा.

केस आले, आखूड आणि पांढरे. बोटं नाही आली. गादीवर सुवर्णा बसते, आणि चांगली बसते, हे मी तिच्यासमोर म्हणत नाही. मी शेजारी बसून बोलते, त्याला बोटं लागत नाहीत. पण सुवर्णानं भरायच्या आधी येईल त्या बाईचा हात मी एकदा धरते. म्हातारीला सवय आहे म्हणून बाया हसतात. धरते आणि सोडते. मेण.

नऊ वर्षांत तीनदा हात लागला. तसाच, लख्ख. गार.

पहिली शाळेतली बाई. मी तिचा हात सोडलाच नाही. सगळ्यांदेखत विचारलं, “अंगावरून जातं का?” ती लाजली, रडली, तिसऱ्या दिवशी दाखवून आली. लवकर सापडलं, पिशवी काढली, आता दर संक्रांतीला येते. दुसरी वीटभट्टीवरची. जाईना. मी तिच्या झोपडीपुढं उभी राहून तिच्या नवऱ्याला, सासऱ्याला ऐकू जाईल असं बोंबलले. बायकांचं दुखणं मी पुरुषांच्या कानावर घातलं, चांगलं खणखणीत घातलं. ती अजून औषधं घेतेय. तिसरीचं काहीच निघालं नाही. तिनं भर बाजारात मला शिव्या दिल्या. मी दुप्पट परत दिल्या आणि घरी येऊन देवापुढं साखर ठेवली.

सुवर्णाला मी दर वर्षी तपासून घ्यायला पाठवते. कागद चांगला येतो. कागदावर माझा विश्वास आहे, नाही असं नाही. तरी दर महिन्याला एका सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी तिला समोर बसवते.

“आत्याबाई, ह्या चांगल्या आहेत की अजून. कशाला बदलायच्या?”

“गप बस. हात दे.”

ती हात देते. मी धरते. अंगठ्याखाली दाबते. डोळे मिटते. एवढी वाट मी आयुष्यात कशाची बघितली नाही. तिचाही श्वास थांबलेला मला ऐकू येतो.

मेण. नुसतं मेण. माप नाही, हाड नाही, गार नाही का ऊन नाही.

मग मी तिचा हात टाकून देते आणि म्हणते, “ऊठ आता, बसलीस काय पाटावरच्या नवरीसारखी. दूध उतू चाललंय तिकडं.”